जावईबापूंनी बांधलेली तार

२९ जानेवारी १९३९, रविवार

तार चढली एकदाची. जावईबापू काल अकोल्याहून आले. इंदूला हळदीकुंकवाला पोचवायचं निमित्त, जीव सगळा तारेत. आज दिवसभर निंबावर. लेकीचं लग्न होऊन वर्ष नाही झालं, आणि जावई माझ्या मळ्यात झाडावर चढलेला. बायका हळदीकुंकू सोडून तेच पाहत होत्या.

यांना सरकारी लायसन मिळालं, घरून हवेतून टकटक पाठवायचं. तीस वर्षं रेल्वेत तारबाबू होते. पेन्शन झाली तरी जेवताना ताटाच्या काठावर बोटं वाजतात. जा.बा. अकोल्याला शाळेत सायन्स शिकवतात, त्यांच्यापाशीही लायसन. दोघांनी बिनतारी सेट जुळवला. आता दर रविवारी नऊला अमरावती-अकोला बोलणं.

पुस्तकातलं माप: टकटक हवेत सोडणारी तार सहासष्ट फूट लांब, सहासष्ट फूट उंच. विहिरीवरचा निंब आणि शेताच्या बांधावरचा, धुऱ्यावरचा निंब, दोन्हींच्या शेंड्याला बांबू जोडून. गाठी जा.बा.नी स्वतः मारल्या.

मी म्हटलं, "एवढा उंच बांबू वादळ-वावधानात टिकत नाही."

"मामी, हे गणित आहे."

बरं.

१२ फेब्रुवारी, रवि.

दुसरा रविवार. हे तासभर ठोकत बसले. अकोला गप्प. जा.बा.चं कार्ड आलं, काहीच ऐकू आलं नाही, बॅटरी तपासा. बॅटरी कालच भरून आणली.

सांजेला मात्र लंकेतून कोणी बोलला. तोही पेन्शनीतला तारबाबू. हे इतके खूष की भाजीत मीठ नव्हतं ते कळलं नाही.

लंकेला जातं. पन्नास-साठ मैलांवर अकोल्याला जात नाही. काहून?

२० फेब्रुवारी

वाईट झालं. माझ्या तोंडानं झालं, लिहूनच ठेवते.

काल जा.बा. सेट पाहायला आले, सोबत त्यांचे मामा. इंदू पण. सकाळभर स्क्रू काढले, लावले. सगळं ठीक म्हणे. मामा पानावर बसल्यावर विचारते झाले, मग अकोल्यात ऐकू काहून येत नाही? मी वाढत होते. बोलून गेले, "लंकेले जाते, अकोल्याले जात नाही. जावईबापू, पुस्तक लंकेत छापलं का?"

मामा हसले. महादू आमचा सालदार, दारात होता, तो हसला. इंदू खाली पाहून हसली. तेच लागलं असेल.

जा.बा. पानावरून उठले. हात धुतले. म्हणाले, "मामी, या मळ्यातली टकटक माझ्या सेटवर येईल, त्या दिवशी या घरचं पाणी पिईन. तोवर मी नाही, आणि इंदूही येणार नाही."

टांगा बोलावला. इंदू डोळे पुसत बसली टांग्यात. हे फाटकापर्यंत मागं गेले.

पुरणपोळ्या तशाच राहिल्या.

१९ मार्च, रवि.

अकोला नाही. चार रविवार असेच. हे ठोकतात, मग खुर्ची मागे सरकवून बसतात.

म्हटलं, तार जरा खाली-वर करून पाहा, दिशा बदलून पाहा. काहीतरी करा. म्हणाले, "अवो, जावयाच्या हातची गाठ हाय. तो रुसून बसला असताना सोडू? उद्या म्हणतीन, सासऱ्यानं माझं बांधलेलं उपटून टाकलं."

म्हणजे तार चुकीची असली तरी हात लावायचा नाही. जावयाची आहे.

९ एप्रिल, रवि.

इंदूचं पत्र. तिसरा महिना लागून गेला. पत्र दोनदा वाचलं, मग हिशोब केला: सातवा महिना श्रावणाच्या आधी. पहिलं बाळंतपण माहेरी. तिची सासू पण तेच म्हणते, पण मुलाच्या शब्दापुढे ती काय बोलणार.

मी माफी मागते म्हटलं. हे म्हणाले, "तो माफीवर नाही गेला, टकटकीवर गेला."

खरं आहे. शब्द टकटकीचा दिलाय.

२३ एप्रिल, रवि.

काल सांजेला वावधान. धुऱ्यावरचा बांबू जोडातून मोडला, विहिरीकडची दोरी पण सुटली. तार येऊन दोडक्याच्या मांडवावर आडवी पडली. वेल वाचले.

सकाळी नऊला हे तरी बसले. म्हटलं, "तार मांडवावर लोळून राहिली, कोणाले ठोकता?"

"नेम हाय."

ठोकलं पाऊण तास. दुपारी चार माणसं लावून तार पुन्हा होती तिथं. जा.बा.च्या गाठी तशाच ठेवून खालून दुसरी दोरी जोडली. महादू म्हणाला, "बाई, गाठी देव्हाऱ्यात ठेवू का?" हसू आलं पण हसले नाही. हसण्यानंच झालंय सगळं.

१३ मे

इंदूचं पत्र, चोरून लिहिलेलं. उतरवून ठेवते:

"माय, आखाजीचा सण झाल्यावरच्या रविवारी बाबांची टकटक आली. यांनी कानाचे फोन काढून पुसले, पुन्हा लावले. मग मला लावायला दिले. बाबांचाच हात, मी घरी लहानपणापासून ऐकलाय. यांनी वहीत लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. मला म्हणाले, घरी कळवू नकोस, पुढच्या रविवारी आली तर कळवू. पुढच्या रविवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही."

आखाजीनंतरचा रविवार. वही मागे उलटली. २३ एप्रिल. तार मांडवावर पडलेली.

वही मी पाणपाळी लिहायला घेतली होती. कुठल्या वाफ्याला कधी पाणी, एवढंच. बरं झालं बाकीचं पण लिहिलं.

१४ मे, रवि.

यांना दाखवलं. दोन्ही तारखा बोटानं दाखवल्या. म्हणाले, योगायोग असेल. पुस्तकात स्पष्ट आहे, जितकी उंच तितकी दूर.

"दूर! अकोला कुठं दूर हाय?"

पुस्तक मिटून ठेवलं.

मला एक आठवतं. खळ्यात उफणताना तिव्यावर, तीन पायांच्या उंच घोडीवर, उभं राहून सोडलं तर भुसा धुऱ्यापलीकडे जातो. खाली उभं राहून सोडलं तर पायाशी पडतो. अकोला आमच्या पायाशी आहे. आम्ही तिव्यावर चढून बसलो, सगळं लंकेत पडून राहिलं.

हे म्हणाले, टकटक म्हणजे भुसा नव्हे. नसेल.

२० मे

हे काल नांदगावला लग्नाला गेले. आज दुपारी परत येतील.

सकाळी महादूला निंबावर चढवलं. गाठ सुटेना. जावयानं मारली खरी पक्की. महादू वरून ओरडला, "कापू का?" कापायचं नाही म्हटलं. अर्धा तास लागला सोडायला. दोन्ही गाठींच्या दोऱ्या कोनाड्यात ठेवल्या. तार मांडवाच्या खांबांना बांधली, वेलीच्या वीतभर वर. तार खांबाला टेकू नये म्हणून टोकाला असलेल्या चिनी मातीच्या गुंड्या तशाच राहू दिल्या, तेवढं मला कळतं.

हे आले, वर पाहिलं, मग खाली पाहिलं. पायातले जोडे न काढता ओट्यावर बसले. "काय केलं हे," एवढंच.

जेवले नाहीत.

२१ मे, रवि.

आलं!

नऊला ठोकलं, दोन मिनिटात अकोला. यांचा चेहरा मी बावीस वर्षात असा पाहिला नव्हता. कागदावर लिहीत गेले. ऐकू येते, स्पष्ट, जोरात. मग यांचा हात थांबला.

"काय म्हणते?"

"उंची विचारून राहिला."

"सांगा मग."

"सहासष्ट सांगतो. त्याचा मान राहीन, इंदू येईन. कोण पाहाले येते?"

मला पण वाटलं, पळभर. इंदू दारात उतरलेली दिसली. पण मग तार पुन्हा वर न्यावी लागेल, आणि पुन्हा मुकी. शिवाय यांच्या टकटकीच्या वहीवर सरकारी शिक्का. तीस वर्षं याच बोटांनी एक अक्षर खोटं नाही पाठवलं.

"दहा फूट ठोका," मी म्हटलं.

ठोकलं. पलीकडून काही नाही. पाच मिनिटं. दहा मिनिटं. हे फोन कानाला धरून बसलेले. मग फोन काढून ठेवले.

सांजेला लंका पण आली नाही. तार खाली, लंका बंद. हे फाटकाशी जाऊन उभे राहिले.

२७ मे

जा.बा.चं पत्र, माझ्या नावानं! पाकिटावर सौ. मामी.

लिहितात, दोनदा ऐकू आलं म्हणजे पुरावा होत नाही. शाळेला सुटी आहे. एक ते आठ जून, रोज सकाळी नऊला मामांनी, म्हणजे यांनी, ठोकावं. तार कधी वर, कधी खाली, तुमच्या मनाला येईल तशी. मला कळवू नका. मी इथं ऐकून वहीत लिहीन, वर की खाली. तुम्ही तिथं लिहा. मग वह्या समोरासमोर. जुळलं तर इंदूला मी स्वतः आणून सोडतो. नाही जुळलं तर तार होती तिथं जाईल आणि बाळंतपण अकोल्याला.

लेकीचं पहिलं बाळंतपण, आणि परीक्षा तारेची. कसला माणूस आहे.

पण एक आहे. दुसरा कोणी असता तर दहा फूट ऐकून पत्रच लिहिलं नसतं.

२९ मे

रोज निंबावर चढवलं तर महादू पळून जाईल. जुन्या विहिरीचं लोखंडी चाक पडून होतं, ते वर बांधलं. दुसऱ्या निंबावर गाडीच्या चाकाची लोखंडी धाव वळवून कडी केली. आता खालून दोरी ओढली की तार वर, सोडली की मांडवावर. हे म्हणाले, "हे पुस्तकात नाही." म्हटलं, लिहून घ्या मग.

१ जून. खाली.

२ जून. वर. सांजेला लंका परत आली. हे गाणं म्हणत अंघोळीला.

३ जून. वर. काल वर म्हणून आज खाली असेल असं जा.बा. धरतील, म्हणून वरच ठेवली.

४ जून. खाली.

५ जून. वर. महादू साळ्याच्या लग्नाला बार्शीटाकळीला. दोरी मी एकटीनं ओढली. पाठ गेली.

६ जून. वर.

७ जून. खाली. ढग. मांडवाला नवे चार बांबू.

८ जून. खाली. संपलं. इंदूची खोली झाडून घेतली. मग वाटलं घाई झाली. दार लावून टाकलं.

११ जून, रवि.

जा.बा. आले, एकटे. बगलेत वही, खिशात टेप. पायावर पाणी घेतलं, प्यायला दिलेला तांब्या तसाच ठेवला.

आधी मळ्यात. मांडवावरची तार मोजली, दहा फूट चार इंच. चाक पाहिलं, दोरी ओढून पाहिली, पुन्हा सोडली.  मी कोनाड्यातून त्यांच्या गाठींच्या दोऱ्या आणून दिल्या. "कापल्या नाहीत," म्हटलं. खिशात घातल्या.

मग मांडवाखाली वह्या. हे मध्ये बसले, वाचू लागले.

पहिला दिवस, खाली, खाली. दुसरा, वर, वर. तिसरा जुळला. चौथा जुळला. पाचवा: माझं वर. जा.बा.चं खाली, आणि पुढे लिहिलेलं, "अगदी खाली नव्हे."

यांनी माझ्याकडे पाहिलं. सहावा, सातवा, आठवा जुळले.

जा.बा. वहीवर बोट ठेवून बसले. "आठात सात. मामी, पाच तारखेचं मला समजत नाही. माझं चुकलं असेल. पण त्या दिवशी टकटक इतकी स्वच्छ येत होती. वर असताना असं येत नाही. कधीच नाही आलं."

मी गप्प बसू शकले असते. सात जुळले होते, इंदू आलीच असती.

"तुमचं नाही चुकलं," म्हटलं. "महादू नव्हता. ओढता ओढता तार दोन पुरुष उंचीवर अटकली. पाठीत कळ आली. तशीच बांधली दोरी, अन् वर लिहून टाकलं. कोणाले कळते, म्हटलं."

हे म्हणाले, "अवो!"

जा.बा. माझ्याकडे पाहत राहिले. मग हसायला लागले. असे हसले की डोळ्यात पाणी. "मामी, अकोल्यात बसून मी तुमची लबाडी ऐकली!"

महादू विहिरीवरून पळत आला, काय झालं म्हणून.

मग त्यांनी समजावलं. टकटक आकाशात वर जाते, वर एक थर आहे, तिथून परतते. तार उंच असेल तर तिरपी सुटते, शेकडो मैल लांब पडते. जमिनीलगत असेल तर सरळ वर जाऊन सरळ खाली, आसपास. हे पण पुस्तकात होतं म्हणे. मागच्या एका प्रकरणात, त्यांनी सोडून दिलेलं. मी उफणण्याचं सांगितलं. म्हणाले, "चूक आहे. पण फार चूक नाही." आणि म्हणाले, लंकेसाठी पहिलंच माप बरोबर होतं, ते विसरू नका. ते मी मान्य केलं. लंका तारेनं दोनदा दाखवून दिलीय.

ऊन चढलं होतं. उठले, ओट्यावर गेले, सकाळचा तांब्या तिथंच होता. उचलून सगळा प्यायले.

पाणी तापलेलं होतं. मी ताजं आणते म्हणेस्तोवर संपलं.

९ जुलै, रवि.

इंदू आली. जा.बा. स्वतः घेऊन आले, शब्दाप्रमाणं. पोट दिसायला लागलंय. पाय सुजलेत, मीठ कमी केलं. आल्या आल्या मांडवाखाली जाऊन वर पाहत उभी राहिली. "एवढ्याशा उंचीवरून?" म्हणे.

आता रीत अशी: रविवारी सकाळी तार खाली, अकोला. बाकी सांजेला वर, लंका. रविवारी नऊला इंदू यांच्या शेजारी स्टुलावर बसते. घरगुती निरोप पाठवायची परवानगी नाही, दोघंही लायसनवाले नियमाचे. नुसतं हवामान अन् बॅटरी अन् ऐकू कसं येतं. तरी ती ऐकते. जा.बा.चा हात म्हणे आज घाईत होता.

२७ ऑगस्ट, रवि.

दोडका भरपूर. वेल तारेवर चढला, पावसात काढायला जमलं नाही, म्हणून तार वर जात नाही, लंका बंद. हे म्हणाले वेलीनं टकटक कमी होईल. अकोला म्हणे थोडी कमी, पण येते. जा.बा. म्हणाले, वेल काढू नका, किती कमी होते ते मोजायचं आहे.

जे ते मोजायचं असतं त्यांना.

१० सप्टेंबर, रवि.

लढाई लागली विलायतेत. हौशी लोकांची टकटक बंद, असा हुकूम येणार म्हणतात. नऊला हे सेटपुढे बसले, हात मांडीवर. ठोकलं नाही. इंदू स्टुलावर. दहाला दोघं उठले.

१९ सप्टेंबर, मंगळ.

हुकूम आला. आज सरकारी माणूस आला, सोबत शिपाई, यादी घेऊन. सेट, बॅटऱ्या, ठोकायची किल्ली, सगळं पेटीत भरलं. सील. यांनी सही केली. किल्ली देताना फडक्यानं पुसून दिली. परत कधी मिळेल, यांनी विचारलं. तो म्हणाला, लढाई संपल्यावर. लढाई कधी संपेल ते त्यालाही सांगितलेलं नाही.

मग मळ्यात आला. कागद वाचला, "एरिअल उतरवणे."

वर निंबाकडे पाहिलं. वर चाक होतं, रिकामं.

"ते काय?"

"विहिरीचं चाक."

"अन् एरिअल?"

मी मांडवाकडे बोट केलं. वेलीत तार दिसत पण नव्हती, नुसते दोडके लोंबलेले. "उतरवलेली हाय. मे महिन्यातच उतरवली. अजून किती उतरवू?"

त्यानं इंदूचं स्टूल मागवलं, त्यावर चढून टाच उंचावून बोट लावून पाहिलं. हात पुरला. कागदावर लिहिलं: उतरवलेली. शिपायानं चार दोडके मागितले, दिले.

पेटी बंडीत गेली. हे ओट्यावर. बोटं मांडीवर वाजत होती.

अकोल्याचं पण आजच नेलं असेल. जा.बा.चं कार्ड सकाळी आलेलं, मला लिहिलंय, तार काढू नका, उंची आहे तीच ठेवा. बाकी तुम्हाला जास्त कळतं.

इंदूचे दिवस भरत आले. सुईणीला सांगून ठेवलंय. अकोल्याला कळवायला तार ऑफिसचीच तार, ती जाईल तेव्हा जाईल.

वेल पिवळा पडायला लागलाय. काढताना तार तुटू नये, महादूला सांगायचं.